स्लाइडवरील मराठी वाक्य : ऑनलाइन प्रशिक्षण-पाठांच्या भाषेचे एक परीक्षण

कार्यालयीन नियम, सुरक्षाविषयक सूचना, नव्या अधिनियमांची ओळख इत्यादी विषय कर्मचाऱ्यांस व विद्यार्थ्यांस शिकविण्यासाठी संगणकावरील पाठांचा जो नवा वाङ्मयप्रकार गेल्या दोन दशकांत रूढ झाला आहे, त्याला वाङ्मय म्हणावयास कोणी सहसा धजणार नाही. तथापि तो लिहिला जातो, वाचला जातो, आणि वाचणाऱ्याच्या वर्तनावर त्याचा परिणाम व्हावा अशी त्याच्या कर्त्याची अपेक्षा असते. एवढ्या तीन गोष्टी ज्या लेखनाच्या ठायी आहेत ते परीक्षणास पात्र ठरते. कविता-कादंबरीची समीक्षा करणाऱ्या आपल्या विभागांनी या लेखनाकडे पाठ फिरवली आहे; आणि तंत्रज्ञानाच्या विभागांत त्याची चर्चा होते ती रंगसंगती, आवाजाची स्पष्टता, फाइलचा आकार अशा अंगांनी. पाठातले वाक्य कसे आहे, हा प्रश्न मध्येच निराधार राहिला आहे. प्रस्तुत लेखात तेवढ्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

हे पाठ बहुधा पॉवरपॉइंट या सादरीकरणाच्या साधनात तयार होतात. आर्टिक्युलेट, आयस्प्रिंग यांसारखी जोडसाधने त्या स्लाइडांना आवाज, प्रश्नावली व ‘पुढे’ असे बटण जोडतात आणि सर्व सामग्री स्कॉर्म या संकेतानुसार बांधून प्रशिक्षण-प्रणालीच्या स्वाधीन करतात. ज्याला स्लाइड करता येते त्याला पाठही करता येतो, हे या पद्धतीचे मोठे आकर्षण होय. एनपीटीईएल (२००३) किंवा स्वयम् (२०१७) यांवरील व्याख्यानांचा येथे विचार नाही. तेथे स्लाइडच्या बाजूला शिक्षक उभा असतो व तो बोलतो. आपला विषय आहे तो ज्या पाठातून शिक्षक निघून गेला आहे आणि स्लाइड मात्र मागे राहिली आहे, अशा पाठाचा.

या निघून जाण्याचा अर्थ नीट ध्यानात येण्यासाठी साधनाची जन्मकथा थोडक्यात सांगणे अगत्याचे आहे. रॉबर्ट गॅस्किन्स व डेनिस ऑस्टिन यांनी फोरथॉट या लहानशा कंपनीत ते घडविले. १९८७ साली ते मॅकिंटॉश संगणकासाठी विक्रीस आले आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती कंपनी १ कोटी ४० लाख डॉलरना विकत घेतली. त्या वेळी पडद्यावर स्लाइड दाखविणे हा मुख्य हेतू नव्हता. ओव्हरहेड प्रक्षेपकावर ठेवावयाच्या पारदर्शिका छापून मिळाव्यात, एवढीच अपेक्षा होती. पारदर्शिकेबरोबर वक्त्यासाठी टिपणांचे पानही छापता येई. वर स्लाइडची छोटी प्रतिमा, खाली बोलावयाचा मजकूर. म्हणजे साधनाच्या मूळ कल्पनेतच स्लाइड हे अर्धे विधान आहे. उरलेले अर्धे वक्त्याच्या तोंडी आहे, आणि ते विसरू नये म्हणून टिपणांच्या पानाची सोय आहे. स्लाइडवर ‘मुदत – ३ महिने’ असे लिहिणारा वक्ता काही चूक करीत नाही. कर्ता, क्रिया, काळ, अट, अपवाद हे सगळे तो तोंडाने पुरवितो. त्याच स्लाइडचा पाठ केला आणि वक्ता काढून घेतला की अर्धे विधान पूर्ण विधानाच्या जागी जाऊन बसते.

आता एक प्रत्यक्ष विषय घेऊ. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणारा अधिनियम २०१३ साली झाला. उच्च शिक्षणसंस्थांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५ चे विनियम आहेत. कर्मचाऱ्यांत जाणीव निर्माण करण्यासाठी ठरावीक कालांतराने कार्यक्रम घ्यावेत, असे कर्तव्य अधिनियमाच्या कलम १९ ने मालकावर सोपविले आहे. ते पार पाडण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे ऑनलाइन पाठ. त्यामुळे या विषयावर मराठीत असे पाठ सिद्ध झाले आहेत, आणि प्रस्तुत लेखकाने त्यांपैकी काही बारकाईने पाहिले आहेत. कोणा एका संस्थेचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही, कारण दोष कोणा एकीचा नाही. त्यांच्या भाषेचा नमुना पुढीलप्रमाणे असतो : ‘तक्रार – लेखी, ३ महिन्यांच्या आत’, ‘समेट घडविणे – आर्थिक तडजोड नाही’, ‘खोटी तक्रार करणे – कारवाई’, ‘१० किंवा अधिक कर्मचारी – समिती आवश्यक’.

ही चार वाक्ये अधिनियमाशी ताडून पाहावीत. तक्रार तीन महिन्यांच्या आत करावयाची हे खरे. परंतु हे तीन महिने घटनेच्या दिनांकापासून मोजावयाचे, घटनांची मालिका असेल तर शेवटच्या घटनेपासून, आणि ज्या परिस्थितीमुळे स्त्रीला मुदतीत तक्रार करता आली नाही तिच्याविषयी समितीची खात्री झाली तर लेखी कारणे नोंदवून आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढविता येते. तक्रार लेखी हवी हेही खरे. परंतु जिला लिहिणे शक्य नाही तिला लेखी तक्रार करण्यास साहाय्य करणे हे समितीचे कर्तव्य आहे. समेटाचा प्रयत्न समितीला करता येतो, पण तो चौकशी सुरू होण्यापूर्वी आणि पीडित स्त्रीने स्वतः विनंती केली तरच. चौकशीअंती तक्रार हेतुपुरस्सर खोटी किंवा द्वेषमूलक ठरली तर तक्रारदारावर कारवाईची शिफारस होऊ शकते. केवळ पुरेसा पुरावा देता आला नाही म्हणून कारवाई व्हावी असे मात्र नाही. दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या ठिकाणच्या स्त्रीसाठी जिल्ह्यात स्थानिक समिती आहे.

स्लाइडवरील एकही वाक्य असत्य नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. तरीही चार महिन्यांपूर्वी घडलेली गोष्ट मनात घेऊन पाठ उघडणारी लिपिक बाई त्यावरून एवढेच समजेल की आपली वेळ गेली. साक्षीदार नसलेली स्त्री समजेल की तोंड उघडले तर शिक्षा आपल्यालाच. आणि सहा माणसांच्या दुकानात काम करणारी मुलगी समजेल की हा कायदा आपला नव्हेच. तिघींचीही समजूत चुकीची, आणि तिन्ही समजुती पाठातून रीतसर निष्पन्न होणाऱ्या. प्रशिक्षणाचा हेतू कायद्याचे दार दाखविण्याचा होता; स्लाइडने ते दार तिघींच्या तोंडावर लावून घेतले.

हे केवळ संक्षेपामुळे घडले असे म्हणणे पुरेसे होणार नाही. संक्षेप कोठे पडतो हे पाहिले पाहिजे, आणि येथेच मराठीच्या घडणीचा प्रश्न उपस्थित होतो. मराठी वाक्याचे क्रियापद शेवटी येते, आणि वाक्याचा बहुतेक तात्त्विक भार त्या शेवटावर असतो. तक्रार करावी, करता येते, करावी लागते, केली पाहिजे, केली असता, केली तरच : आज्ञा, परवानगी, सक्ती, अट हे सारे भेद आख्यातात व त्याला लगटून येणाऱ्या शब्दांत राहतात. स्लाइडवर जागा कमी पडली की कात्री लागते ती ओळीच्या शेवटाला. इंग्रजी आज्ञार्थी ओळीत क्रियापद प्रारंभी असल्यामुळे ओळ मागून कितीही कापली तरी क्रिया व आज्ञा शाबूत राहते. मराठी ओळ मागून कापली की क्रियाच कापली जाते, आणि मागे राहते नाम किंवा फार तर ‘-णे’ प्रत्ययान्त धातुसाधित.

हे ‘-णे’ रूप या पाठांचे लाडके रूप आहे आणि त्याचे कारण शोधण्यासारखे आहे. मूळ इंग्रजी पाठातील आज्ञार्थ मराठीत आणताना भाषांतरकाराला एक निवड करावी लागते : ‘कर’ म्हणावे, ‘करा’ म्हणावे, की ‘करावे’ म्हणावे? शिपायापासून संचालकापर्यंत सर्वांनी तोच पाठ पाहावयाचा आहे. ‘तू’ चालणार नाही. ‘तुम्ही’ संचालकांस रुचेल किंवा नाही याची शंका. ‘आपण’ म्हटले तर वाक्य लांबते. ‘नोंदविणे’ म्हटले की कोणालाच उद्देशून बोलावे लागत नाही. पुरुष नाही, वचन नाही, काळ नाही, अर्थ नाही. सभ्यतेची अडचण सुटते. पण त्याच क्षणी कोणी, केव्हा, करावे की करता येते, हेही सुटते. ‘मुदत वाढविणे’ हा समितीचा अधिकार आहे, कर्तव्य आहे, की तक्रारदाराचा हक्क आहे? रूप काहीच सांगत नाही. ‘समेट घडविणे’ याचा कर्ता कोण? अधिनियमाने पुढाकार स्त्रीच्या हाती ठेवला आहे. ‘-णे’ने तो तिच्या हातून काढून घेतला. याच ठिकाणी ‘पीडित स्त्रीने विनंती केल्यास समितीने समेटाचा प्रयत्न करावा’ असे साधे वाख्याती वाक्य असते तर निम्मा दोष नाहीसा होता. (‘करावा’ म्हणजे बंधन, ‘करता येईल’ म्हणजे मुभा, हा भेद तरीही उरतोच, अधिनियमात आहे ती मुभा. पण तो भेद निदान दिसतो व त्यावर वाद घालता येतो.) आपल्या कार्यालयीन मराठीला ‘-ण्यात येते’ची खोड जुनीच आहे, परंतु त्या वाक्यात निदान क्रियापद असे.

दुसरा लोप ‘परंतु’चा. अधिनियमांच्या मराठी भाषेत ‘परंतु’ हा साधा उभयान्वयी शब्द नव्हे. मूळ नियमाला मर्यादा घालणारे परंतुक त्याने सुरू होते. स्लाइडच्या रचनेत अशा विधानाला दोनच जागा मोकळ्या आहेत. एक तर ते गाळावे, नाहीतर मुख्य ओळीखाली, आत सरकवून, लहान अक्षरांत ठेवावे. दुसऱ्या मार्गाने ते वाचते खरे, पण जे विधान मुख्य विधानाचा अर्थ बदलते तेच त्याचे आश्रित म्हणून दिसू लागते. मांडणीची उतरंड आणि अर्थाची उतरंड परस्परांच्या विरुद्ध जातात.

उतरंडीविषयीची ही तक्रार नवी नाही. एडवर्ड टफ्टी यांनी २००३ मध्ये पॉवरपॉइंटच्या विचारपद्धतीवर जी टीका केली तिच्यात कोलंबिया अंतराळयानाच्या अपघातापूर्वीच्या एका स्लाइडचे विश्लेषण आहे. उड्डाणाच्या वेळी फेसाचा तुकडा पंखावर आदळल्यानंतर, यान वर असतानाच, अभियंत्यांनी ही स्लाइड तयार केली होती. उपलब्ध चाचण्या या आघाताच्या मानाने फारच लहान तुकड्यांवरच्या होत्या, ही निर्णायक गोष्ट तीत अगदी खालच्या पायरीवर होती. आणि ‘लक्षणीय’ या अर्थाचा शब्द निरनिराळ्या अभिप्रायांनी पाच वेळा आलेला होता. १ फेब्रुवारी २००३ रोजी यान परतीच्या वाटेवर भंगले व कल्पना चावला यांच्यासह सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले. अपघाताची चौकशी करणाऱ्या मंडळानेही तांत्रिक निबंधांच्या जागी स्लाइडा वापरण्याच्या सवयीवर ठपका ठेवला. टफ्टी यांचा रोख उतरंडीवर आहे आणि तो योग्यही आहे. परंतु त्यांचे विवेचन इंग्रजी स्लाइडवर आधारलेले असल्यामुळे क्रियापदाच्या लोपाचा प्रश्न त्यांच्यासमोर या स्वरूपात येण्याचे कारणच नव्हते. मराठीपुरती ही चर्चा आपली आपणच केली पाहिजे.

येथे एक आक्षेप संभवतो, आणि तो आपल्याच परंपरेतून येतो. सूत्रवाङ्मय जिने पिढ्यानपिढ्या मुखोद्गत केले त्या परंपरेने स्लाइडच्या तुटकपणाला नावे का ठेवावीत? पाणिनीची सूत्रेही क्रियापदावाचूनच आहेत, असे म्हणता येईल. हा आक्षेप आकर्षक असला तरी टिकत नाही. पाणिनीच्या सूत्रातील उणीव अनुवृत्तीने भरून निघते. मागील सूत्रातील पद पुढील सूत्रात कोठवर चालावयाचे हे परंपरेने निश्चित आहे. अधिकारसूत्रे आहेत, परिभाषा आहेत, विभक्तींचा ठरलेला संकेतार्थ आहे. सूत्र तुटक दिसते पण तुटलेले नसते. स्लाइडवरील चौथ्या ओळीत पहिल्या ओळीतील काय अनुवृत्त व्हावे, याचा कोणताही नियम नाही. ‘मुदत वाढविणे’ या ओळीला वरील ‘समिती’ लागू करावी की ‘तक्रारदार’, हे वाचकाने आपल्या मगदुरानुसार ठरवावयाचे.

मराठीच्या आरंभीच्या गद्यातील उदाहरण याहून जवळचे आहे. केशोबासाच्या ‘दृष्टान्तपाठा’त चक्रधरांचे सूत्र एकटे येत नाही, त्यामागून दृष्टान्त येतो आणि त्यामागून दार्ष्टान्तिक. सूत्र लक्षात ठेवण्यासाठी, दृष्टान्त समजण्यासाठी, आणि दृष्टान्त सूत्राला कसा लागू पडतो हे सांगण्यासाठी दार्ष्टान्तिक. शिक्षणाची ही तिपेडी रचना मराठी गद्याला तेराव्या शतकातील एका गुरूच्या उपदेशातून लाभली. आपले स्लाइड-पाठ तिच्यातील पहिला पेड उचलतात आणि उरलेल्या दोहोंच्या जागी हस्तांदोलन करणाऱ्या माणसांचे विकतचे छायाचित्र ठेवतात.

ध्वनीबाबत थोडक्यात लिहितो. वक्त्याची उणीव भरून काढण्यासाठी पाठाला आवाज जोडतात, हे वर आलेच आहे. मात्र तो आवाज बहुधा स्लाइडवरील ओळीच वाचून दाखवितो. रिचर्ड मेयर यांनी बहुमाध्यम-शिक्षणावरील प्रयोगांतून दाखविले आहे की चित्र व निवेदन यांच्या जोडीला निवेदनाचाच मजकूर पडद्यावर छापला तर शिकणे सुधारण्याऐवजी बिघडते. वाचन आणि श्रवण एकमेकांच्या आड येतात. शब्द अपरिचित असतील किंवा भाषा परकी असेल तर छापील शब्दांचा उपयोग होतो, असा अपवादही त्यांनी नोंदविला आहे, आणि कायद्याची परिभाषा शिकताना तो आपल्याला उपयोगी पडावा. पण अपवादाने फार तर ‘पीठासीन अधिकारी’ हा शब्द पडद्यावर ठेवण्याची मुभा मिळते, संपूर्ण स्लाइड वाचून दाखविण्याची नव्हे. अलीकडे हे वाचन यंत्राकडून करून घेतात. च, ज, झ यांचे तालव्य व दंततालव्य असे दोन उच्चार लिपीत दिसत नाहीत. ‘जग’ म्हणजे दुनिया की पाण्याचे भांडे, हे वाक्यावरूनच ठरते. वाक्यच नसेल तर यंत्राने कशावरून ठरवावे?

पाठाच्या शेवटी परीक्षा असते. स्लाइडवर जे आहे तेच विचारता येते, म्हणून ‘तक्रारीची मुदत किती?’ असा प्रश्न येतो, चार पर्याय येतात, आणि ‘३ महिने’ निवडणारा उत्तीर्ण होतो. स्कॉर्मच्या २००१ च्या आवृत्तीत शिकणाऱ्याच्या स्थितीसाठी सहा शब्द आहेत : उत्तीर्ण, अनुत्तीर्ण, पूर्ण, अपूर्ण, चाळलेला, न उघडलेला. ‘समजले’ हा सातवा शब्द तीत नाही, आणि यंत्राकडून तो मागणे अन्यायाचेही होईल. तक्रार आहे ती मालकांविषयी. ‘पूर्ण’ या शब्दाचा अर्थ ‘सर्व स्लाइडा उघडल्या’ एवढाच असताना कलम १९ चे कर्तव्य पार पडले असे मानून त्यांची नस्ती बंद होते.

यावरून पॉवरपॉइंट टाकून द्यावे असे कोणी अनुमान काढील तर ते मला मान्य नाही. तालुक्याच्या ठिकाणच्या शिक्षकाला जे साधन हाताळता येते, ज्यातली चूक त्याला दुसऱ्याच दिवशी स्वतः दुरुस्त करता येते, त्याची किंमत मोठी आहे. महागड्या साधनांत केलेले पाठ त्यांचा कर्ता निघून गेला की कोणालाच उघडता येत नाहीत. फ्लॅशमध्ये केलेल्या पाठांची २०२० अखेर काय गत झाली हे आपण पाहिलेच आहे. शिवाय वर दाखविलेल्या दोषांपैकी एकही साधनाने लादलेला नाही. स्लाइडवर पूर्ण वाक्य लिहिण्यास कोणाची बंदी नाही. एका स्लाइडवरून दुसरीवर नेणारे दुवे या साधनात आहेत, आणि त्यांच्या बळावर दृष्टान्त व दार्ष्टान्तिक दोन्ही साधता येतात. समजा, पहिल्या स्लाइडवर एवढेच आहे : एका कार्यालयातील टंकलेखिकेला वरिष्ठाने जानेवारीत त्रास दिला, ती गप्प राहिली, २० मार्चला तोच प्रकार पुन्हा घडला, १० मे रोजी ती समितीकडे आली. तिची तक्रार मुदतीत आहे काय? खाली दोन उत्तरे, प्रत्येकाला स्वतंत्र स्लाइडचा दुवा. ‘नाही’ म्हणणाऱ्याला पुढे वाचावयास मिळावे की घटनांची मालिका असल्यास मुदत शेवटच्या घटनेपासून मोजतात, म्हणून ती १० मे रोजी मुदतीतच होती. ‘होय’ म्हणणाऱ्याला दुसरा प्रश्न : मार्चमधील प्रकार घडलाच नसता तर? यात एकही चलच्चित्र नाही, खर्च नाही, आणि प्रत्येक वाक्याला क्रियापद आहे.

पूर्ण वाक्ये पडद्यावर मावत नाहीत, ही सबब नेहमी सांगितली जाते. देवनागरीत वरच्या व खालच्या मात्रांमुळे ओळींत अंतर अधिक लागते आणि मजकूर वाढला की साधन आपोआप अक्षर लहान करीत जाते, हे खरे आहे. त्यावर उपाय अक्षर लहान करण्याचा नसून स्लाइड वाढविण्याचा आहे. पारदर्शिकेला पैसे पडत. संगणकावरील आणखी एका स्लाइडला पडत नाहीत. ‘वीस स्लाइडांत पाठ संपवावा’ हा दंडक व्याख्यानाच्या घटकेवरून आला आहे, आणि जेथे व्याख्यानच नाही तेथे तो का पाळावा हे कोणी सांगत नाही.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी या सामग्रीवर प्रबंधिका लिहावयाची ठरविल्यास एक सूचना करावीशी वाटते. प्रकाशित पाठ गोळा करून भागणार नाही. तो करणाऱ्याकडून मूळ फाइल मागून घ्यावी आणि प्रत्येक स्लाइडखालील टिपणांची चौकट उघडून पाहावी. प्रस्तुत लेखकाच्या हाती आलेल्या फाइलींपैकी काहींत ती कोरी होती. काहींत मात्र मूळ व्याख्यात्याने लिहिलेली पूर्ण, क्रियापदासह, परंतुकासह अशी वाक्ये तेथे तशीच पडून होती. पाठ बांधताना ती कोणी वर आणली नव्हती.